पुन्हा पुन्हा तापणारे इंजिन

गोव्याहून चोर्ला घाट चढून बेळगावकडे निघालेली मोटार अर्ध्या वाटेत तापते. हेडचे गॅस्केट बदलून आठच दिवस झालेले असतात. मालक मिस्त्रीला दोष देतो, मिस्त्री घाटाला! इंजिन तापून गॅस्केट जळाले खरे. परंतु ते मुळात तापले का, हे कोणी पाहिलेलेच नसते.

ॲल्युमिनियमचे हेड अतिउष्णतेने किंचित वाकते. सरळ पट्टी लावून त्याची पातळी न तपासता नवे गॅस्केट आवळले, तर सिलिंडरमधील जळता वायू पुन्हा पाण्याच्या वाटेत शिरतो. बोल्ट आवळण्याचा क्रम व जोर इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. तेथे अंदाजाचा हात कामाचा नाही.

कधी कारण याहून साधे असते. पाणी भरताना आत हवा कोंडते आणि काटा एकाएकी चढतो. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची युक्ती तर फारच लोकप्रिय! काही इंजिनांत त्यामुळे बरेचसे पाणी रेडिएटर टाळून आतल्या आतच फिरते व ताप वाढतो.

एक बार दाब धरणारे रेडिएटरचे झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू १०० वरून सुमारे १२० अंशांवर नेते. म्हणूनच इंजिन तप्त असता ते उघडू नये. दाब सुटताच उकळते पाणी तोंडावर उसळते.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी मालकाने रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रवाची परीक्षा करवून घ्यावी. पाण्यात जळका वायू शिरत असेल, तर तो द्रव पिवळा पडतो.