रायफलचा रंग उडालाय? थांबा, थिनर उघडू नका

आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून सुचलाय. संत तुकाराम नगरमधल्या एका मुलीने पाठवलीय. ती १० मीटर एअर रायफल शिकते. रायफल सेकंडहँड घेतलेली, अॅल्युमिनियमचा निळा रंगवलेला स्टॉक, आणि त्या निळ्याचे दोन-तीन ठिकाणी टवके उडालेत. तिचा मामेभाऊ भोसरी एमआयडीसीत पावडर कोटिंगच्या युनिटमध्ये कामाला आहे. तो म्हणतो, "रविवारी आणून दे, नव्यासारखी करून देतो." तर ताईंचा प्रश्न एवढाच की देऊ का?

नको देऊस. अजिबात नको. भावाचं मन मोडायचं नाहीये, तो बिचारा प्रेमानेच म्हणतोय. पण त्याच्या शॉपमध्ये काय होतं ते आधी ऐक.

पावडर कोटिंगला पार्ट आला की तो 'सेव्हन टँक'मधून जातो. म्हणजे तेल काढणं, गंज काढायला अॅसिड, मध्ये पाण्याची धुलाई, मग फॉस्फेट. त्यानंतर पावडर उडवायची आणि पार्ट भट्टीत टाकायचा. भट्टी साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसची. गेटला, बाईकच्या स्टँडला, रॅकला हे सगळं चालतं. त्यात ना रबरी सील असतं ना हवेचा दाब.

आता तुझ्या रायफलच्या नळीखालचं सिलिंडर बघ. मॅच एअर रायफलमध्ये ते २०० बारपर्यंत भरतात. कारच्या टायरमध्ये किती असते हवा? अडीच बारच्या आसपास! हे सिलिंडर बरेचदा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं, आणि त्या धातूला ताकद येते ती कारखान्यात केलेल्या उष्णता-प्रक्रियेने. भट्टीची उष्णता तीच ताकद कमी करू शकते. बाहेरून काहीच कळत नाही. रंग झकास दिसतो, आणि ते सिलिंडर पुन्हा भरून आपण गालाजवळ धरतो. "रिकामं करून टाकू ना भट्टीत," असं कुणी म्हणेल. रिकामं असलं तरी नाही. बिघाड हवेत नाही, धातूत होतो.

आणखी एक गोष्ट. अशा सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. बऱ्याच कंपन्या वापराची मुदत १० वर्षं देतात. तू रायफल सेकंडहँड घेतलीस, तर रंगाचं राहू दे, आज घरी जाऊन आधी ती तारीख वाच. ती रंगाखाली झाकली गेली, तर पुढच्या माणसाने काय वाचायचं?

बरं, टवके उडतात कसे? रायफल आपटून उडतात हे आहेच. पण पुष्कळ वेळा रंग सफाईतच जातो. आपल्या पिंपरी-चिंचवडच्या घरांमध्ये थिनरची बाटली मिठाच्या बरणीइतकी सहज सापडते. कुणीतरी कंपनीत, कुणीतरी गॅरेजमध्ये. डाग दिसला की थिनर, चिकट लागलं की थिनर. थिनर, अॅसिटोन, ब्रेक क्लीनर ही मंडळी तेल काढता काढता रंगही सोबत नेतात. .२२ रायफलच्या नळीसाठी जे सॉल्व्हंट मिळतं, तेही नळीच्या आतल्या स्टीलसाठी असतं, बाहेरच्या रंगासाठी नाही. म्हणून नळी साफ करताना तोंड थोडं खाली, स्टॉकवर जुना टॉवेल, आणि थेंब सांडला तर लगेच पुसायचा. एअर रायफलला तर बहुतेक वेळा फेल्टचे कोरडे पेलेट पुरतात, सॉल्व्हंटचं कामच पडत नाही. आणि हो, हे सगळं सुरू करायच्या आधी रायफल रिकामी आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. "दादाने बघितलंय" चालणार नाही.

रंगावरची धूळ-घाम काढायला पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ कापड घट्ट पिळून, आणि लगेच कोरड्या कापडाने पुसणं. बास. त्याहून कडक काही वापरायचंच असेल, तर आधी बटप्लेटखाली, जिथे कुणाला दिसत नाही तिथे, कानात घालायच्या कापसाच्या काडीने घासून बघा. कापूस निळा झाला की बाटली बंद.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही. डास पळवणाऱ्या काही मलमांत आणि स्प्रेमध्ये 'डीट' नावाचं रसायन असतं. ते रंग आणि प्लास्टिक मऊ करतं. संध्याकाळी हाताला चोपडून तोच हात स्टॉकवर ठेवला की बोटांचे ठसे कायमचे. हात धुवा. पेलेट शिशाचे असतात, त्यामुळे नेमबाजीनंतर तर साबणाने धुवायचेच असतात.

आता टवक्यांचं काय करायचं. अॅल्युमिनियम गंजत नाही, त्यामुळे घाई नाही. स्टीलच्या भागावर मात्र पावसाळ्यात गंज रंगाखालून सरकतो, तिथे थांबू नका. सिलिंडर आणि नळी सोडून, फक्त स्टॉकवर हे करायचं : टवक्याची कड ८०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून हलकी घासा, म्हणजे पायरी लागणार नाही. आजूबाजूला मास्किंग टेप. तेल पुसून घ्या. उघड्या अॅल्युमिनियमला आधी एच प्रायमर, नाहीतर रंग नखाने निघतो. मग गाडीच्या टचअपचा रंग, बारीक ब्रशने, पातळ पातळ दोन-तीन हात. जुलैच्या दमट हवेत स्प्रे मारलात तर रंगावर पांढुरकी झाक येते, कोरड्या दिवसाची वाट बघा. तासाभरात हाताला लागत नाही म्हणजे पक्का झाला असं नाही. आठवडाभर तरी केसमध्ये कोंबू नका, फोमचा ठसा उमटतो.

साइटच्या चाकांवरचे पांढरे आकडे पुसट झालेत? ते सगळ्यात सोपं. खाचेत टूथपिकने पांढरा इनॅमल भरा आणि वरचा जादाचा रंग जुन्या व्हिजिटिंग कार्डाच्या कडेने ओढून घ्या.

परवान्याची बंदूक असेल तर एक गोष्ट रंगापेक्षा मोठी आहे. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे बंदुकीवरचा नंबर किंवा ओळखचिन्ह खोडणं, काढणं, बदलणं गुन्हा आहे. त्यामुळे त्या जागेवर पेपर घासायचा नाही आणि रंगही चढवायचा नाही. असं काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्या.

खंडेनवमीला आपल्याकडे कंपनीत मशीनला हार, घरात हत्यारांना हळद-कुंकू. रायफलची पूजा जरूर करा, पण ओलं कुंकू स्टॉकवर नको, केसवर लावा. हळदीचा डाग फिक्या रंगावरून सहज जात नाही, आणि ओला झेंडू रात्रभर नळीवर राहिला तर सकाळी गंजाची नक्षी तयार.

तर ताई, मामेभावाला रायफल देऊ नकोस. त्याच्याकडून वॉटर पेपर आणि मास्किंग टेप मात्र हक्काने माग, त्याच्या शॉपमध्ये ढिगाने असेल. आणि सिलिंडरवर काय तारीख निघाली, ते व्हॉइस नोटवर कळव.