‘ढ’ म्हणजे काय?



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी शब्दांवर काय बोलणार, असे कोणी म्हणेल. पण मी घेतलेला शब्द घरोघरी ऐकू येतो. तो म्हणजे ‘ढ’.

ज्याच्या डोक्यात अभ्यास शिरत नाही त्याला आपण ढ म्हणतो. मुलगा ढ, मुलगी ढ, सगळा वर्गच ढ! लिंग बदलो, वचन बदलो, ढ आपला ढच. हे नाव कसे पडले? जाणती माणसे सांगतात की, आपली अक्षरे ब्राह्मी लिपीतून आली. सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी, अशोकाच्या शिलालेखांत ‘क’ हा बेरजेच्या चिन्हासारखा दिसे. पुढे बाकीची अक्षरे पार बदलली. ‘ढ’ मात्र जवळजवळ तसाच राहिला, डोक्यावर रेघ तेवढी आली. म्हणून जो पुढे सरकत नाही तो ढ.

थट्टेपुरते हे ठीक. पण माझ्या वर्गात एक मुलगी होती. वाचताना तिची अक्षरे उलटसुलट होत. रांगोळी मात्र अशी काढी की बघत राहावे. गुरुजी तिला ढ म्हणत, मग घरचेही म्हणू लागले. चौथीतच तिचे दप्तर खुंटीला लागले.

आज आपल्याला ठाऊक आहे की, पुष्कळ मुलांना बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित जड जाते. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. दिव्यांगांच्या हक्कांसाठी २०१६ साली झालेल्या कायद्यात तिचा समावेश आहे. तपासणी करून घेतली तर शिकवण्याची पद्धत बदलता येते, परीक्षेत सवलतही मिळू शकते. त्या मुलीच्या वाट्याला मात्र नुसता शब्द आला.

म्हणून माझी विनंती एवढीच. मूल अडले तर ‘ढ आहे’ म्हणू नका. ‘त्याला भागाकार येत नाही’ असे म्हणा. म्हणजे काय शिकवायचे ते कळते, आणि त्यात ‘अजून’ हा शब्द घालता येतो. ‘अजून येत नाही’, म्हणजे उद्या येईल. ‘ढ’ म्हटले की उद्याचे दारच बंद!

आणि बिचाऱ्या अक्षराचा तरी काय दोष? दृढ, पुढे आणि वाढ या शब्दांतही तोच ढ आहे. ताटात वाढताना आपण कोणाला कमी करीत नाही. बोलतानाही करू नये.