ठोक्यांमागचे ग्रह

दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा लहान ग्रह दिसत नाही. तो आपल्या ताऱ्याला जो किंचित हेलकावा देतो, त्यावरून त्याचे अनुमान करावयाचे असते. ग्रह जितका हलका, तितका हेलकावा सूक्ष्म. त्यातून, तो मोजणारा ज्योतिर्विदही एका फिरत्या ग्रहावरच उभा असतो.

इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथे अँड्र्यू लाइन व त्यांचे सहकारी स्पंदक ताऱ्यांचे, म्हणजेच पल्सारांचे, वेध घेत होते. प्रचंड ताऱ्याच्या स्फोटानंतर मागे राहिलेला हा अतिघन गोळा स्वतःभोवती फिरताना रेडिओ-तरंगांचे ठोके घड्याळाच्या नियमाने देत असतो. अशा एका ताऱ्याचे ठोके सहा महिन्यांच्या आवर्तनाने कधी लवकर, कधी उशिरा येत. पृथ्वीच्या सुमारे १० पट वस्तुमानाचा ग्रह त्याला ओढत असावा, असे त्यांनी जुलै १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. सहा महिने म्हणजे आपले नेमके अर्धे वर्ष. शंका घेण्यास एवढा आकडा पुरेसा होता.

जानेवारी १९९२ मध्ये अटलांटा येथील ज्योतिर्विदांच्या अधिवेशनात लाइन यांनी स्वतःच सांगितले की, असा ग्रह नाही. ताऱ्याचे स्थान किंचित चुकीचे धरले गेले होते आणि पृथ्वीची कक्षा वर्तुळ नसून लंबवर्तुळ आहे, याचा हिशेब पुरता झाला नव्हता. पृथ्वीचीच गती ताऱ्याच्या अंगी लागली होती! सभेने उभे राहून टाळ्यांच्या गजरात त्यांचा गौरव केला. त्यांच्या पाठोपाठ बोलावयास उठले अलेक्झांडर व्होल्श्चान, आणि त्यांना सांगावयाचे होते ते असेच ग्रह सापडल्याचे.

प्वेर्तो रिकोतील आरेसिबोची ३०५ मीटर व्यासाची दुर्बीण १९९० मध्ये दुरुस्तीमुळे हवी तशी वळविता येत नव्हती. म्हणूनच व्होल्श्चान यांना तिचा भरपूर वेळ मिळाला. त्यांना सापडलेला स्पंदक ६.२ मिलिसेकंदांत एक फेरा घेतो. त्याच्या ठोक्यांत दोन आवर्तने मिसळलेली होती, ६६.६ आणि ९८.२ दिवसांची, प्रत्येकामुळे पडणारा फरक दीड मिलिसेकंदाहूनही कमी. डेल फ्रेल यांनी ताऱ्याचे स्थान दुसऱ्या दुर्बिणींनी स्वतंत्रपणे निश्चित केले. लाइन यांचा पाय घसरला तो नेमका याच पायरीवर. ग्रहांची वस्तुमाने पृथ्वीच्या किमान ३.४ व २.८ पट निघाली.

तरीही खात्री कशी पटावी? ग्रह खरोखरच दोन असतील, तर त्यांनी एकमेकांनाही ओढले पाहिजे आणि ठोक्यांत त्याची खूण उमटली पाहिजे. ती १९९४ मध्ये सापडली. सोबत चंद्राच्या जेमतेम दुप्पट वस्तुमानाचा, सुमारे २५ दिवसांत प्रदक्षिणा करणारा तिसरा ग्रहही. सूर्याचे परिवलनही जवळपास तेवढ्याच दिवसांचे! तेव्हा हा फरक सूर्याकडून वाहणाऱ्या विद्युत्‌भारित कणांमुळे तर नव्हे, असा आक्षेप १९९७ मध्ये निघाला. त्या कणांमुळे होणारा विलंब तरंगांच्या कंप्रतेनुसार बदलतो. म्हणून ठोके पुन्हा दोन निरनिराळ्या कंप्रतांवर मोजण्यात आले. दोहोंतही फरक तेवढाच भरला.