टेस्ट लिहिली, पण चालली का?

(गुरुकुंज मोझरी इथं केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

संध्याकाळच्या प्रार्थनेला अजून वेळ आहे, तेवढ्यात माझीच एक चूक सांगतो.

मी धान्यखरेदीच्या पावतीचा जावा प्रोग्राम लिहिला होता. आकडे सोपे करून सांगतो. एका काकांचं सोयाबीन भरलं १८७५ किलो, भाव ४००० रुपये क्विंटल. व्हायला हवे ७५,००० रुपये, पावती निघाली ७२,००० ची. काका म्हणाले, "माहे पंच्याहत्तर किलो कुठी गेले गा?"

गेले भागाकारात! जावात पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की बाकी गळून पडते. १८७५ भागिले १०० म्हणजे सरळ १८. आधी भावानं गुणायचं आणि मग शंभरानं भागायचं, एवढाच उपाय होता.

पण खरी लाज पुढेच आहे. याच हिशोबाची टेस्ट मी लिहून ठेवली होती. ती कधी चाललीच नव्हती. क्लासचं नाव मी ठेवलं होतं 'वजनतपासणी'. मेव्हनमध्ये टेस्ट चालवतो तो शुअरफायर प्लगइन. तो नावावरून टेस्ट ओळखतो: सुरुवातीला किंवा शेवटी 'टेस्ट', नाहीतर शेवटी 'टेस्ट्स' किंवा 'टेस्टकेस'. माझा क्लास त्यानं कंपाइल केलेला पाहिला आणि सोडून दिला. एकही टेस्ट न चालता खाली 'बिल्ड सक्सेस' आलं, आणि मी खूश!

म्हणून नवीन प्रोजेक्ट उघडला की एवढं बघा. टेस्ट 'एसआरसी' मधल्या 'टेस्ट' आणि त्यातल्या 'जावा' फोल्डरमध्येच हवी. जेयुनिट ५ वापरत असाल तर पॉम फाइलमध्ये शुअरफायर २.२२.० किंवा त्यापुढचा घ्या. त्याआधीच्यांना जेयुनिट ५ आपोआप समजत नाही. ग्रेडल असेल तर टेस्टच्या भागात 'यूज जेयुनिट प्लॅटफॉर्म' ही ओळ लिहा.

मग 'मेव्हन टेस्ट' चालवा आणि 'टेस्ट्स रन' पुढचा आकडा वाचा. तुम्ही लिहिल्या तेवढ्या मोजल्या गेल्या का? शेवटी उत्तर मुद्दाम चुकीचं लिहून पाहा. बिल्ड पडलं, तरच समजा की राखणदार जागा आहे. पडलं नाही, तर तो झोपलेला आहे, आणि नुकसान कोणत्यातरी काकांचं होणार आहे.

चला, निघू या.