एका विमान कंपनीचा उदयास्त आणि आपला प्रपंच
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



उद्योगधंद्यासंबंधी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाने मला आज्ञा केली. मी जन्मभर हिशेबाच्या वह्यांत रमलेला मनुष्य; वक्तृत्व माझ्या अंगी नाही. म्हणून मुंबईतच वाढलेल्या आणि मुंबईतच अस्त पावलेल्या जेट एअरवेजची हकीकत तेवढी सांगतो.

१९५३ साली सरकारने विमानवाहतूक आपल्या हाती घेतली. चाळीस वर्षांनी ते बंधन सैल झाले आणि ५ मे १९९३ रोजी चार भाडोत्री बोइंग विमानांनिशी या कंपनीने उड्डाणास प्रारंभ केला. त्याच काळात निघालेल्या ईस्ट वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त या कंपन्या ते दशक संपण्यापूर्वीच बंद पडल्या. ही मात्र टिकली. आदबशीर सेवेने तिने लौकिक मिळविला. २००४ मध्ये ती परदेशी जाऊ लागली आणि २००५ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. पुढे तिचा ताफा शंभराहून अधिक विमानांचा झाला.

मग पाय घसरला कोठे? २००७ मध्ये तिने एअर सहारा ही कंपनी १,४५० कोटी रुपयांना विकत घेतली. त्याच सुमारास स्वस्त तिकिटांच्या कंपन्या पुढे आल्या. इंधन महाग, विमानांचे भाडे डॉलरमध्ये, आणि तिकिटाचा दर मात्र शेजाऱ्याकडे पाहून ठरवावयाचा! २०१३ मध्ये अबुधाबीच्या एतिहाद कंपनीने २४ टक्के हिस्सा घेतला. त्याने उसंत मिळाली, रोग हटला नाही. अखेरीस बँकांनी हात आखडता घेतला आणि १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईस निघालेले विमान हे तिचे शेवटचे उड्डाण ठरले. हजारो कुटुंबांचा पगार त्याआधीच थकला होता.

पुनरुज्जीवनाचा प्रयत्न झाला नाही, असे नाही. जालान-कालरॉक या भागीदारांची योजना न्यायाधिकरणाने जून २०२१ मध्ये मान्य केली. मे २०२२ मध्ये उड्डाणाचा परवानाही पुन्हा मिळाला. परंतु ठरलेला पैसा वेळेवर आला नाही. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला आणि ती आशा मावळली. परवाना म्हणजे कंपनी नव्हे. विमाने भाड्याने देणाऱ्यांनी नेली, विमानतळावरील वेळा इतरांना मिळाल्या, कसबी माणसे पांगली. पाच वर्षे थंड पडलेली चूल नुसत्या कागदाने पेटत नाही.

बंधुभगिनींनो, यातून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट कायद्याची. अवसायनात प्रथम त्या कारवाईचा खर्च भागतो. मग कामगारांचे चोवीस महिन्यांचे वेतन व तारणधारक बँका यांचा क्रम लागतो. त्यानंतर इतर नोकरांचे बारा महिन्यांचे वेतन येते. शेअर धारण करणारा अगदी शेवटी, आणि तोवर ताटात बहुधा काही उरत नाही. भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटी मात्र कायद्याने या वाटणीबाहेर ठेवली आहे. म्हणून नोकरदारांनो, निधीचा भरणा दरमहा होतो की नाही, हे स्वतः पाहत जा. ज्या कंपनीचा पगार खातो, तिच्याच शेअरमध्ये सारी शिल्लक गुंतवू नका. मिठाची आणि पिठाची बरणी एकाच फळीवर ठेवली, तर फळी तुटल्यावर दोन्ही जातात, हे येथे बसलेल्या माउलींना सांगावयास नको.

दुसरी गोष्ट आपल्या मंडळाची. आपण विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतो, हे भूषणावह आहे. पण चाळिशीतील कर्त्या पुरुषाची वा स्त्रीची नोकरी अकस्मात गेली, तर मुलांचे शुल्क व घराचा हप्ता कोठून यावा? असा मनुष्य मदत मागावयास लाजतो. संमेलनासही येईनासा होतो. अशा घरांसाठी सहा महिन्यांपुरते बिनव्याजी साहाय्य देणारा, नावाची वाच्यता न करणारा निधी मंडळाने उभारावा, अशी माझी नम्र सूचना आहे. त्याचा आरंभ म्हणून माझा एका महिन्याचा निवृत्तिवेतनाचा आकडा मी आजच कोषाध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे.

कंपनी बुडाली तरी माणसाचे कसब बुडत नाही. त्याला उभे राहण्यास थोडा अवधी लागतो. तो अवधी देणे ज्ञातीच्या हाती आहे.