यादीत आपलं घर शोधताना

(तरुणांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'क्वीअर चित्रपट महोत्सव आणि आपण' असा विषय छापलेला पाहून सकाळी चहाच्या वेळी तुमच्यापैकी एकाने मला विचारलं, "सर, शिक्षण आहे, नोकऱ्या आहेत, आपल्याला कुणी घर भाड्याने देत नाही. एवढे प्रश्न पडलेले असताना हा विषय कशाला? आणि त्यात 'आपण' कुठून आलो?" प्रश्न रोखठोक होता. मी त्याला म्हटलं, याचं उत्तर भाषणातच देतो. तेव्हा आजचं हे सगळं बोलणं त्या प्रश्नाचं उत्तर समजा.

सुरुवात दोन तारखांपासून करतो. ७ एप्रिल २०१० रोजी अलीगढमध्ये एका भाड्याच्या खोलीत प्राध्यापक रामचंद्र सिरस मृत सापडले. मूळचे नागपूरचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. कवी होते, 'पायाखालची हिरवळ' या त्यांच्या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. त्या वर्षी ८ फेब्रुवारीच्या रात्री काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले, एका पुरुषासोबत त्यांचं चित्रीकरण केलं, आणि विद्यापीठाने निलंबित केलं ते सिरसांना. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. त्यानंतर आठवडाभरही ते जगले नाहीत.

दुसरी तारीख २२ एप्रिल २०१०. त्याच महिन्यात, अवघ्या पंधरा दिवसांनी, मुंबईत 'कशिश' हा क्वीअर चित्रपट महोत्सव पहिल्यांदा सुरू झाला. श्रीधर रंगायन यांनी तो उभा केला. कुठल्या बंद खोलीत ओळखीच्या लोकांपुरता हा महोत्सव झाला नाही. जिथे तुम्ही-आम्ही शुक्रवारचा सिनेमा बघायला जातो, तशा मल्टिप्लेक्समध्ये, केंद्र सरकारच्या परवानगीने झाला. आणि नाव बघा, कशिश. आपल्या घरातला शब्द आहे. ओढ.

या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण मला त्या नेहमी शेजारी-शेजारी ठेवाव्याशा वाटतात. एका शहरात कॅमेरा माणसाच्या घरात घुसतो आणि त्याला संपवतो. दुसऱ्या शहरात तीच माणसं स्वतः कॅमेरा हातात घेऊन म्हणतात, आमची गोष्ट आम्ही सांगतो. कॅमेरा कुणाच्या हातात आहे, यावर केवढा फरक पडतो! मुसलमान म्हणून हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. टीव्हीवर आपली गोष्ट दुसऱ्यांनी सांगितली की काय होतं, ते आपण रोज बघतो.

आता महोत्सवातले चित्रपट निवडले कसे जातात, ते थोडक्यात सांगतो. जगभरातून चित्रपट पाठवले जातात. निवड करणारे लोक ते बघतात, त्यातून थोडे घेतात. कथापट, माहितीपट, लघुपट अशी विभागणी असते, परीक्षक असतात, बक्षिसं असतात. 'कशिश'मध्ये उदयोन्मुख भारतीय दिग्दर्शकासाठी एक पुरस्कार रियाद वाडिया यांच्या नावाने आहे. जे. बी. एच. वाडियांचा हा नातू. १९९६ साली त्याने 'बॉमगे' हा छोटा चित्रपट काढला होता, उघडपणे हा विषय मांडणाऱ्या भारतातल्या सुरुवातीच्या चित्रपटांपैकी एक. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेले चित्रपट महोत्सवात दाखवायचे, तर सरकारकडून सूट घ्यावी लागते. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ९ मध्ये तशी तरतूद आहे. म्हणजे हे सगळं कायद्याच्या चौकटीतच चालतं.

पण निवड म्हटली की प्रश्न आलाच. कुणाची गोष्ट घेतली, कुणाची राहिली? मी अशा महोत्सवांच्या याद्या वाचतो तेव्हा आधी आपलं घर शोधतो. शोधलं की चार तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा म्हणजे आपलं नाव दुसऱ्याच्या भांडणात वापरलं जाणं. १९९८ च्या डिसेंबरात मुंबईत दीपा मेहतांच्या 'फायर'वरून चित्रपटगृहांची मोडतोड झाली. शबाना आझमी आणि नंदिता दास यांनी दोन जावांची भूमिका केली होती. त्या वेळी शिवसेनाप्रमुखांचा जाहीर सवाल असा होता की, नायिकांची नावं राधा आणि सीता कशाला? शबाना, सायरा का नाहीत? म्हणजे असं प्रेम 'त्यांच्याकडे' असलं तर चालेल, 'आमच्याकडे' नको. तेव्हा मी कॉलेजात होतो. मला राग आला तो आपली नावं घेतली म्हणून. त्या दोन बायकांचं काय, हा विचार माझ्या मनात आलाच नाही. हे तुमच्यासमोर कबूल करतो.

दुसरी तऱ्हा. बावीस-तेवीस वर्षांनी, २०२१ मध्ये, फराज आरिफ अन्सारी यांचा 'शीर कोरमा' आला. नावावरूनच कळतं, गोष्ट कुठल्या घरातली आहे ते. त्यात दिव्या दत्ता यांच्या पात्राचं नाव काय आहे माहीत आहे? सायरा. आणि सायराला, तिच्या प्रेमाला नकार देणारी, आतल्या आत तुटणारी आई आहे शबाना आझमी. ज्या दोन नावांनी आपल्याला हिणवलं होतं, ती दोन्ही नावं एकाच चित्रपटात आली, पण या वेळी आपल्यातल्याच एकाने, आपल्याच दस्तरखानावर बसून ती गोष्ट सांगितली. टोमण्याला याहून चांगलं उत्तर मला तरी माहीत नाही.

तिसरी तऱ्हा अवघड आहे. तिथे दगड मारणारे आपण असतो. सिरस सरांवर हंसल मेहतांनी 'अलीगढ' काढला. मनोज बाजपेयींनी काम केलं. २०१६ च्या फेब्रुवारीत तो प्रदर्शित झाला, तेव्हा खुद्द अलीगढमध्ये त्याला विरोध झाला. कारण काय, तर शहराची बदनामी. १९९८ ला संस्कृतीची बदनामी, २०१६ ला शहराची बदनामी. एकटा पडलेला एक मराठीचा मास्तर त्या खोलीत गेला, त्याने बदनामी झाली नाही. त्यावर चित्रपट निघाला, त्याने झाली! पाकिस्तानातही तेच. सैम सादिक यांच्या 'जॉयलँड'ने २०२२ मध्ये कानमध्ये ज्युरी पुरस्कार आणि क्वीअर पाम हे दोन्ही मिळवले. लाहोरच्या एका मोठ्या कुटुंबाची गोष्ट, आपल्या मोहल्ल्यातलीच वाटावी अशी. देशाला एवढा मान मिळाला आणि पंजाब प्रांताने त्यावर बंदी घातली.

कायद्यातही हेच दिसतं. २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ बद्दल दिलेल्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण कोण गेलं होतं, ती यादी कधी वाचा. त्यात एक ज्योतिषी होते, ख्रिस्ती संघटना होत्या आणि मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डही होतं. एरवी एका सतरंजीवर न बसणारे सगळे या एका प्रश्नावर एकत्र आले आणि ११ डिसेंबर २०१३ ला जिंकले. २०१८ ला ६ सप्टेंबरच्या निकालाने ते उलटलं, हे आपलं नशीब.

चौथी तऱ्हा अशी की, यादीत आपण असतो, पण फक्त भीतीदायक म्हणून. इस्लाम म्हणजे छळ, पळून युरोपात गेलं की सुटका, अशा साच्याचे चित्रपट पश्चिमेच्या महोत्सवांत कमी नाहीत. काही ठिकाणी तर या महोत्सवांचा वापर सरळ राजकारणासाठी होतो. तेल अवीवच्या क्वीअर महोत्सवावर पॅलेस्टिनी कार्यकर्त्यांनी बहिष्काराची हाक दिली. आमच्यावरचा कब्जा झाकायला हे रंग वापरू नका, असं त्यांचं म्हणणं. २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे दिग्दर्शक जॉन ट्रेंगोव्ह यांनी तिथून माघार घेतली. तेव्हा आपल्यापैकी कुणी म्हणालं की या याद्यांमागे राजकारण असतं, तर तो आक्षेप खोटा नाही. मात्र त्या आक्षेपाआड लपून आपण आपल्या घरातल्या मुलांना गप्प करणार असू, तर तो आक्षेप प्रामाणिक नाही. परवेज शर्मांच्या 'अ जिहाद फॉर लव्ह'मध्ये दक्षिण आफ्रिकेचे इमाम मुहसिन हेंड्रिक्स दिसतात. त्यांनी दीनही सोडला नाही आणि स्वतःलाही नाकारलं नाही. १५ फेब्रुवारी २०२५ ला त्यांना गोळ्या घालून मारलं. हा माणूस पश्चिमेने आपल्याला बदनाम करायला बनवलेला नव्हता. तो आपला होता.

आता माझ्या घरचं सांगतो. आम्ही मिरजेचे. मला एक धाकटा भाऊ आहे. त्याची परवानगी घेऊन बोलतोय. तो २०१३ चा निकाल लागला, त्या आठवड्यात तो रात्री माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "भाईजान, आजपासून मी पुन्हा गुन्हेगार झालो." मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, "अम्मीला सांगू नकोस." नाटकं-सिनेमे पाहणारा, चळवळीत फिरणारा, भाषणं देणारा मी. माझ्याकडे भावासाठी एवढंच वाक्य होतं. तो मुंबईला निघून गेला.

२०१६ च्या मे महिन्यात त्याने मला 'कशिश'ला बोलावलं. मरीन लाइन्सचं लिबर्टी. तेवढं मोठं, जुनं, देखणं थिएटर. मी मागच्या रांगेत बसलो, कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून. आणि दिसलं काय? बाजूला एक मावशी मुलासोबत आलेल्या, डबा घेऊन. मध्यंतरात त्यांनी मलाही थेपला दिला. पडद्यावर कुठले चित्रपट होते ते आता नीट आठवत नाही. पण आई पोराबरोबर तिथे बसू शकते, हे मी तिथे पाहिलं. माझा भाऊ त्या गर्दीत एवढा मोकळा हसत होता, तसा घरात मी त्याला वर्षानुवर्षं पाहिला नव्हता.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी मिरजेत अडकलो, तो मुंबईत एका खोलीत एकटा. एका रात्री मी लॅपटॉपवर 'अलीगढ' लावला. मराठीच्या मास्तरांचा सिनेमा आहे, एवढंच अम्मीला सांगितलं. ती शेवटपर्यंत बसली. संपल्यावर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "इस मास्टर कू खाना कौन देता था रे?" मी म्हटलं, कुणी नाही. पुन्हा गप्प. मग विचारलं, "और अपने छोटे कू?"

तिला माहीत होतं, दोस्तांनो. कधीपासून माहीत होतं, ते मी आजवर विचारलेलं नाही. मी सात वर्षं जे राखलं, ते गुपित नव्हतंच. ते फक्त माझ्या भावाचं एकटेपण होतं.

गोष्ट इथे गोड करून संपवत नाही. अब्बा अजून त्याच्याशी बोलत नाहीत. ईदला तो येतो, स्वयंपाकघरात अम्मीजवळ बसून जेवतो, संध्याकाळच्या गाडीने परत जातो. सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा पुसला, पण बैठकीच्या खोलीत त्याला अजून जागा नाही. ती जागा कुठलंही न्यायालय देणार नाही. ती मी आणि तुम्ही द्यायची आहे.

सकाळच्या मित्राला माझं उत्तर हे. मी आलिम नाही. काय जायज, काय नाजायज, यावर फतवा द्यायला मी इथे उभा नाही. मी नागरिक म्हणून बोलतोय. घर भाड्याने देताना आपलं नाव ऐकून दार बंद होतं, तेव्हा आपण म्हणतो, माणूस बघा, नाव बघू नका. हे वाक्य एका दारापुरतं वापरून चालत नाही. आपल्या स्वतःच्या दारात ते लागू करायची वेळ येते, तेव्हाच ते खरं की खोटं ते कळतं.

दोन गोष्टी मागतो. एक, बघा. आपल्या भाषेत आता उत्तम काम होतंय. रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' २०२५ मध्ये सनडान्सला गेला, तिथे गेलेला पहिला मराठी चित्रपट, आणि जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च बक्षीस घेऊन आला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुलगा आणि त्याचा बालमित्र. नातेवाईक त्या दुःखातही 'लग्न कधी' विचारतात. हे बघून तुम्हाला आपल्या चाळिसाव्याला जमलेली मंडळी आठवली नाहीत तर सांगा.

दुसरी, बनवा. तुमच्या हातातल्या फोनमध्ये चांगला कॅमेरा आहे. मिरजेची, मालेगावची, मुंब्र्याची, रत्नागिरीची गोष्ट, दखनीत, कोकणीत, मराठीत. यादी करणारे आलेल्यातूनच निवडतात. आपण काही पाठवलंच नाही, तर आपली गोष्ट दुसराच कुणी पाठवेल.

आणि तुमच्या घरात कधी रात्री कुणी खोलीत येऊन काही सांगू लागलं, तर माझं वाक्य वापरू नका. "जेवलास का?" एवढं विचारा. बाकीचं पुढे बघता येतं.