नकुशी : एका हाकेचे अर्थ

आज आपण एका नावाबद्दल बोलू. साताऱ्याच्या माण-खटावपासून सांगलीच्या जत-आटपाडीपर्यंत ही हाक आपण ऐकलीय. कुठं नकुशी, कुठं नकुसा, कागदावर नकोशी. अर्थ एकच, नको असलेली.

वाईट नाव ठेवायची रीत आपल्याकडं जुनीच. लेकरं जगत नसली की बाळाला दगडू, धोंडू, केरबा, भिकाजी म्हणायचे. दगडाला, केराला दृष्ट कशी लागेल? मुलींचीही नावं दगडाबाई, धोंडाबाई असायची. नाव ओबडधोबड, पण मागणं एकच, एवढं लेकरू राहू दे.

नकुशी त्याच ओळीतली वाटते, पण तिचं मागणं उलटं. मुलींच्या पाठीवर पुन्हा मुलगी झाली की हे नाव ठेवायचं, म्हणजे देवाला कळेल आणि पुढच्या खेपेला मुलगा होईल. नाव हिचं, वाट मात्र दुसऱ्याची. पाठीवर भाऊ आला, की हीच पोर 'पायगुणाची' ठरते. नाव काही बदलत नाही. घरात 'नकू' म्हणताना लाड असेलही, पण शाळेच्या हजेरीत ते पुकारलं की मान खाली जाते.

२२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात जिल्हा परिषदेनं कार्यक्रम घेऊन सुमारे २८० मुलींना नवी नावं दिली. काहींनी आपलं नाव स्वतःच निवडलं. पण त्याच वर्षीच्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८९४ मुलीच होत्या. २००१ साली त्या ९१३ होत्या. म्हणजे नाव पुसलं, तरी 'नको' पुसलेलं नव्हतं.

आपल्या गटातल्या कुणा मोठ्या बाईला नाव बदलायचं असेल, तर राजपत्रात नावबदल छापून घेता येतो. मग आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, सगळीकडं तेच नाव लावून घ्यायचं. कुणी म्हणेल, याच नावानं संसार केला, राहू दे. तोही तिचाच हक्क. पण तिला काय म्हणून हाक मारू, एवढं आपण विचारू शकतो.

आणि बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते कोण? आत्या. म्हणजे आपणच. पाळण्यात तिसरी मुलगी असो नाहीतर चौथी, तिच्या कानात पहिला शब्द 'नको' पडणार नाही, हे आपल्याच तोंडात आहे.